वऱ्हाडचा कापूस, मँचेस्टरचा भाव

१८७० च्या मार्च महिन्यात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडातल्या खामगावला आला. निमित्त होते जलंब स्टेशनापासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत टाकलेल्या रेल्वेच्या एका फाट्याचे. लांबी अवघी आठ मैल. बैलगाडीनेही अर्ध्या दिवसाच्या आत उरकणारा रस्ता. एवढ्याशा लोहमार्गासाठी साम्राज्याचा सर्वोच्च अधिकारी देशाच्या मध्यभागी असलेल्या एका बाजारगावात कशाला उतरावा? उत्तर त्याच्या भाषणातच होते. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा तुटवडा पडला आणि त्यातूनच इथल्या कापसाला पहिली मोठी चालना मिळाली, असे मेयोने सांगितले. इथली लागवड वाढली तर इथल्या रयतेबरोबर लँकेशायरच्या गिरणी कामगारांचेही भले होईल, हेही तो बोलून गेला. पूर्णेच्या खोऱ्यातला कुणबी आणि साता समुद्रापलीकडचा सूत कातणारा यांची गाठ एका भाषणात बांधली गेली. ती प्रत्यक्षात बांधायला त्याआधीची तीस वर्षे लागली होती.

साम्राज्य म्हटले की लढाया आणि तोफा आठवतात. वऱ्हाड इंग्रजांकडे गेले ते लढाईविना, हिशेबाच्या वहीतून. तिथे नंतर जे घडले त्यातही रक्तपात फारसा नव्हता. रस्ते झाले, मोजणी झाली, बाजार भरले, तारायंत्र आले. तरीही पन्नास वर्षांत त्या मुलखाची शेती, विणकाम, रान आणि ताटातली भाकरी एवढी बदलली, की जुन्या जमान्यातल्या एखाद्या फौजेच्या स्वारीनेही तेवढे बदलले नसते. औद्योगिक युगातला साम्राज्यवाद कशाने पेटला आणि काय करून गेला, हे समजून घ्यायला वऱ्हाडच्या कापसाइतके चोख उदाहरण सापडणे कठीण.

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकेशायरमध्ये सूत कातण्याची यंत्रे आली, मग त्यांना वाफेची जोड मिळाली, मग यंत्रमाग आले. ज्या देशात कापसाचे एक झाडही उगवत नाही, तो देश जगाला कापड पुरवू लागला. यंत्राचा एक स्वभाव असतो. हातमाग आठ दिवस बंद राहिला तर विणकराचे घर अडचणीत येते. गिरणी आठ दिवस बंद राहिली तर मालकाचे भांडवल, बँकेचे व्याज आणि अख्ख्या शहराचा पगार अडकतो. म्हणून गिरणीला कच्चा माल नुसता स्वस्त असून भागत नाही. तो बारमाही, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या प्रतीचा लागतो.

असा माल अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई. तिथले मळे गुलामांच्या श्रमावर चालत. १८६० च्या सुमारास ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी जवळपास चार पंचमांश कापूस तिथून येत होता आणि मँचेस्टरच्या शहाण्या लोकांना त्याची धास्ती होती. उद्या गुलामांनी बंड केले तर? गुलामगिरीवरून अमेरिकेत फूट पडली तर? मँचेस्टरचा खासदार जॉन ब्राइट हा गुलामगिरीचा कट्टर विरोधक आणि मुक्त व्यापाराचा पुरस्कर्ता. १८४८ मध्ये हिंदुस्थानातल्या कापूस लागवडीची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटची समिती नेमली गेली, तिचा अध्यक्ष तोच होता. एकाच देशावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, दुसरा पुरवठादार हवा, हा त्या साऱ्या खटाटोपाचा गाभा. १८५७ मध्ये मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी कापूस पुरवठ्यासाठी स्वतंत्र संस्थाच काढली.

ईस्ट इंडिया कंपनीनेही हातपाय हलवले होते. १८४० मध्ये तिने दहा अमेरिकन मळेवाले पगारी नेमून हिंदुस्थानात आणले आणि अमेरिकन वाण इथे रुजवण्याचे प्रयोग केले. धारवाडचा थोडा अपवाद वगळता ते बहुतेक फसले. अडचण कापूस पिकवण्याची नव्हतीच. कापूस इथे हजारो वर्षे पिकत होता. अडचण अशी की इथल्या शेतकऱ्याला तो परक्या गिरणीसाठी पिकवण्याचे काही कारण नव्हते. तो आधी घरापुरती ज्वारी पेरी, मग कापूस. कापसातला बराचसा भाग गावातच कातला आणि विणला जाई. उरलेला विकायचा तर रस्ता नव्हता. मँचेस्टरच्या भाषेत याला ‘अडथळे’ म्हणत. त्या अडथळ्यांच्या आधारानेच गाव उभे होते, हे त्यांच्या हिशेबात येण्याचे कारण नव्हते.

वऱ्हाडची परिस्थिती नेमकी अशीच होती. उत्तरेला सातपुड्याचे गाविलगड डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधोमध पूर्णेचे खोरे. तिथली काळी कसदार माती पावसाचे पाणी महिनोन्महिने धरून ठेवते. कापसाला याहून चांगली जमीन शोधून सापडणार नाही. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण उगाच पडलेली नाही. ‘बन्नी’ हा तिथला लांब धाग्याचा नावाजलेला वाण. ‘जरी’ हा आखूड धाग्याचा, पण लवकर येणारा आणि भरघोस उतारा देणारा. जास्तीचा कापूस बंजाऱ्यांच्या तांड्यांमधून बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. हा प्रवास पाचशे मैलांचा. वाटेत पाऊस गाठला तर माल भिजे, धूळ आणि काटक्या तर बारा महिने. मिर्झापूरहून तो नावेने बंगालकडे जाई. मुंबईची वाट त्यामानाने जवळची, पण घाट आडवा. १८२०च्या दशकात पेस्तनजी मेहेरजी आणि त्यांचे भाऊ विकाजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे न्यायला सुरुवात केली, तेव्हा तो व्यापारातला धाडसी बेत मानला गेला.

ही पेढी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. ती निजामाची सावकार होती. वऱ्हाडचा महसूल तिच्याकडे काही वर्षे गहाणासारखा होता आणि औरंगाबादच्या टांकसाळीत पाडलेले तिचे ‘पेस्तनशाही’ रुपये त्या भागात चालत. निजामाचे राज्य कर्जात बुडाले होते आणि त्या कर्जाचे मोठे कारण होती ‘कंटिंजंट’ नावाची फौज. ही फौज निजामाच्या खर्चाने उभी केलेली, पण तिचे अधिकारी इंग्रज आणि तिचा उपयोगही इंग्रजांनाच. पगार थकला की कंपनी तो आगाऊ भरी आणि निजामाच्या खात्यावर कर्ज मांडी. आकडा लाखोंच्या घरात गेल्यावर लॉर्ड डलहौसीने वसुलीसाठी मुलूख मागितला. मे १८५३ मध्ये नासिरुद्दौला या निजामाने नाइलाजाने तहावर सही केली. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग कंपनीच्या कारभाराखाली गेला. ज्या मुत्सद्द्याने या वाटाघाटी केल्या तो दिवाण सिराज-उल-मुल्क त्याच महिन्यात वारला आणि दिवाणगिरी त्याचा तरुण पुतण्या सालारजंग याच्याकडे आली. वऱ्हाड परत मिळवण्याचा ध्यास सालारजंगने मरेपर्यंत सोडला नाही.

कर्ज हे निमित्त खरे, पण मुलूख निवडताना डलहौसीला जमिनीची प्रत ठाऊक होती. हिंदुस्थानातली उत्तम कापसाची जमीन आपल्या हाती आली, ही गोष्ट तो आपल्या कर्तबगारीत मोजत असे. १८६० मध्ये, सत्तावन्नच्या उठावात निजामाने दिलेल्या मदतीचे बक्षीस म्हणून, रायचूर आणि धाराशिव परत दिले गेले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. कायद्याने ते निजामाचेच राहिले, कारभार इंग्रजांचा.

आणि लगेच पुढच्या वर्षी मँचेस्टरची भीती खरी ठरली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लिव्हरपूलच्या धक्क्याला लागणारी कापसाची जहाजे थांबली, कापसाचा भाव चढत चढत काही वर्षांत चौपट झाला, गिरण्या बंद पडल्या आणि लँकेशायरमध्ये लाखो माणसे खैरातीच्या रांगेत उभी राहिली. त्या रांगेतल्या मजुरांनी फार सोसले. हिंदुस्थानी कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत. तो आखूड धाग्याचा, कचऱ्याने भरलेला, यंत्रावर सारखा तुटणारा. प्रार्थनेत कोणी ‘देवा, आम्हाला कापूस दे’ म्हणाले, की मागून आवाज येई, ‘पण सुरत नको रे बाबा’, अशी आख्यायिका तिकडे अजून सांगतात. नको असला तरी घ्यावाच लागला. १८६० मध्ये ब्रिटनच्या कापसात हिंदुस्थानचा वाटा सुमारे १६ टक्के होता. दोन वर्षांत तो सुमारे ७५ टक्क्यांवर गेला, अर्थात एकूण आवकच फार घटलेली असताना.

मुंबईत पैशाचा पूर आला. युद्धाच्या वर्षांत नेहमीच्या भावापेक्षा जास्तीचे म्हणून सुमारे ऐंशी कोटी रुपये मुंबईत आले, असा तेव्हाचा अंदाज होता. शहराला शेअरांचे वेड लागले. प्रेमचंद रायचंद हा त्या वेडाचा राजा. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या शेअरांना मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव आला आणि कारकुनापासून शेठपर्यंत सगळे त्यात उतरले. घरात गाद्यांमधला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी त्याच काळातल्या. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपल्याची बातमी आली, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या सौद्यांच्या दिवशी निम्मी मुंबई दिवाळखोर ठरली. पाठोपाठ बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. मुंबईच्या या कहाणीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. राजाबाई टॉवर तिची साक्ष देत उभा आहे, प्रेमचंदने आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो उभारला गेला. पण मुंबईचा फुगा फुटला, तरी घाटावर जे सुरू झाले ते थांबले नाही. तिथे इंग्रज सरकार फार पुढचे बघत होते.

युद्धाने मँचेस्टरला धडा दिला होता. भाव चढला की कापूस येतो खरा, पण वेळेवर येत नाही. तेव्हा नुसत्या भावावर भिस्त न ठेवता मुलूखच कापसाच्या सोयीने मांडायचा. त्या मांडणीचे चार खांब होते.

पहिला खांब जमिनीच्या हक्काचा. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर वऱ्हाडात मोजणी आणि खातेवारी सुरू झाली. शेत मोजले, नंबर पडला, सारा ठरला, खातेदाराच्या नावावर जमीन लागली. पूर्वी महसुलात गावाची सामाईक जबाबदारी आणि पाटील-देशमुखांची मध्यस्थी असे. आता सरकार आणि खातेदार समोरासमोर आले. खातेदाराला जमीन विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. हा हक्क म्हणजे वरदान वाटले आणि काहींना ते ठरलेही. पण जी जमीन गहाण टाकता येते तिच्यावर कर्ज मिळते, आणि जिच्यावर कर्ज मिळते ती कोर्टाच्या हुकुमाने जातेही.

दुसरा खांब लोहमार्गाचा. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे धावलेली जी. आय. पी. रेल्वे थळ घाट चढून १८६५ मध्ये वर आली, भुसावळवरून वऱ्हाडात शिरली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. मुख्य मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून गेला, पण खामगाव आणि अमरावती ही दोन मोठी बाजारगावे थोडी बाजूला राहिली. म्हणून जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती हे फाटे सरकारने स्वतःच्या खर्चाने टाकले. त्यातल्या पहिल्याच्या उद्घाटनाला मेयो आला होता.

तिसरा खांब प्रतीच्या नियंत्रणाचा. कापसात पाणी मारणे, माती किंवा सरकी मिसळणे हे व्यापारी लोक सर्रास करीत. त्याला आळा घालण्यासाठी मुंबई इलाख्यात १८६३ मध्ये खास कायदा झाला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापसाचा वेगळा कमिशनर नेमला गेला. चौथा खांब तारेचा. १८७० मध्ये समुद्राखालून केबल टाकून मुंबई आणि लंडन जोडले गेले. लिव्हरपूलला सकाळी फुटलेला भाव त्यानंतर काही तासांत मुंबईला आणि तिथून वऱ्हाडच्या बाजारात पोहोचू लागला. टपाल घेऊन येणाऱ्या जहाजाची वाट पाहण्याचे दिवस संपले. तिकडच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला अमरावतीवरून ‘उमरा’ असे नाव पडले होते, आणि त्या नावाचा भाव अमरावतीत ठरत नव्हता.

कापूस कमिशनरच्या जागेवर हॅरी रिव्हेट-कारनॅक हा अधिकारी होता. त्याच्या एका अहवालातला विचार या सगळ्या व्यवस्थेचा आराखडाच आहे. तो लिहितो त्याचा आशय असा: या भागात रेल्वेचा फाटा आला तर युरोपातले कापड इथे इतके स्वस्त आणता येईल, की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. मग दोन गोष्टी घडतील. आज जो कापूस इथेच सुतासाठी खपतो तो निर्यातीला मोकळा होईल. आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली जी मोठी लोकसंख्या आहे ती शेतमजुरीला उपलब्ध होईल, तिच्याकडून रान मोडून कापसाची जमीन वाढवता येईल.

हे विधान कोणा टीकाकाराचे नाही. सरकारी अधिकाऱ्याने शांतपणे, उपयुक्त सूचना म्हणून मांडलेला हा बेत आहे. एका फाट्याने तीन कामे: कापड विकायचे, कापूस न्यायचा आणि विणकराचा मजूर करायचा. दादाभाई नौरोजी किंवा रमेशचंद्र दत्त यांनी पुढे जे आरोप केले त्यासाठी त्यांना दूर जावे लागले नसते; अहवालातच सगळे लिहून ठेवलेले होते.

बेत बराच फळला. कोष्टी, साळी आणि जाडेभरडे कापड विणणारे महार यांचे माग हळूहळू थांबू लागले. घरोघरच्या चरख्याचे सूत विलायती सुतापुढे महाग पडू लागले. पूर्वी बाया घरी रेच्यावर कापूस पिंजण्याआधी सरकी वेगळी करीत. त्यातून हाताला काम आणि गोठ्यातल्या जनावराला सरकी, दोन्ही मिळे. आता खामगाव, अकोला, अमरावती इथे वाफेवर चालणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्यांचे खरेदीदार थेट बाजारात उतरले. हंगामात गाड्यांच्या रांगा लागत, कापसाच्या गंजी उभ्या राहत आणि वेचणीपासून आठवड्याभरात गठाण मुंबईच्या कुलाब्यातल्या ‘कॉटन ग्रीन’वर जाऊन पडे.

या काळात वऱ्हाडात समृद्धी आली नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मजुरीचे दर वाढले. चांगली जमीन आणि चार बैल बाळगणाऱ्या कुणब्याच्या हातात चांदी खेळू लागली, त्याने पक्की घरे बांधली, लग्नात खर्च केला, मुलगा शाळेत घातला. अमरावती-अकोल्यात वकील, डॉक्टर आणि वर्तमानपत्रे आली. दादासाहेब खापर्डे यांच्यासारखी माणसे या शहरांतूनच देशाच्या राजकारणात गेली आणि १८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली. कापसाने ज्या शहरांना पैसा दिला तीच शहरे नंतर सरकारला प्रश्न विचारू लागली.

पण मुलखाचा तोल मात्र बिघडत गेला. तो कसा बिघडला, हे एका शेताच्या हिशेबात नीट दिसते. ज्वारीच्या शेतात दोन पिके येतात: माणसासाठी कणीस आणि बैलासाठी कडबा. कापसाच्या शेतात येतो तो कापूस, तो खाता येत नाही. आणि उरते ती पऱ्हाटी, ती चुलीत घालता येते, बैलाला घालता येत नाही. म्हणजे ज्वारीचा एक एकर कापसाखाली गेला की धान्य आणि चारा दोन्ही बाहेरून आणायचे. त्यात गायराने नांगराखाली आली, आणि मेळघाटसारखी रानेही सरकारच्या राखीव जंगलात गेली. चारा कमी, म्हणून गुरे कमी; गुरे कमी, म्हणून खत कमी; खत कमी, म्हणून जमीन थकते. कापसाखालचे क्षेत्र युद्धाच्या काळात जवळपास दुप्पट झाले होते आणि शतक संपेपर्यंत ते वाढतच राहिले. पूर्वी एका वर्षाची ज्वारी पेवात पुरून ठेवण्याची चाल होती. आता पेवाची जागा बाजाराने घेतली: कापूस विकायचा, पैसे घ्यायचे, ज्वारी विकत आणायची.

ही साखळी टिकते ती भाव असेपर्यंत. भाव पडला, की शेतकऱ्याने साऱ्याचा हप्ता भरायचा कशातून? मग पीक शेतात उभे असतानाच सावकाराकडे किंवा व्यापाऱ्याच्या दलालाकडे पडेल त्या भावाने विकायचे, पुढच्या पेरणीला पुन्हा उचल घ्यायची. सारा तीस वर्षांसाठी ठरलेला, तो भावाबरोबर खाली येत नाही. सावकाराच्या मागे दिवाणी कोर्ट उभे. पुणे-नगर भागात १८७५ मध्ये सुपे गावापासून सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या मुळाशीही युद्धकाळातली तेजी आणि नंतरची घसरण असल्याचे अनेकांनी मानले आहे. वऱ्हाडात तसा भडका उडाला नाही. तिथे जमिनी गुपचूप हातातून निसटत राहिल्या.

खरी कसोटी शतकाच्या अखेरीला आली. १८९६-९७ चा दुष्काळ वऱ्हाडाने कसाबसा सोसला. १८९९ मध्ये पाऊस जवळपास फिरकलाच नाही. लोक ज्याला ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणतात तो हाच, विक्रम संवत १९५६ मधला. ज्वारी गेली, कापूस गेला, चारा तर मुळातच नव्हता. याआधी अशी वेळ आली तर निदान पेवात काही असे. या वेळी पेव रिकामे. रेल्वे होती, आणि त्या रेल्वेतून धान्य आले देखील. पण ते विकत घ्यायला ज्या पिकाचे पैसे यायचे तेच पीक जळाले होते. शेतमजूर, विणकरीतून मजूर झालेली कुटुंबे, भूमिहीन, यांच्याकडे विकायला श्रमाखेरीज काही नव्हते आणि श्रम घ्यायला शेतात काम नव्हते. हजारो लोक सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेले. भुकेपाठोपाठ पटकी आली. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. ज्या दशकात ती वाढायला हवी होती त्या दशकात दीड लाखाच्या आसपास माणसे कमी झाली. मरणाचे प्रमाण कापसाच्या जिल्ह्यांत अधिक होते.

देशातली सर्वांत सुपीक काळी जमीन, देशातली सर्वांत चांगली रेल्वे, सरकारचा खास कापूस-कमिशनर, आणि तिथेच माणसे अन्नाविना मेली. पाऊस इंग्रजांनी रोखला नव्हता. पण पाऊस रुसला तर काय करायचे, याची गावाने पिढ्यानपिढ्या करून ठेवलेली सोय त्यांच्या व्यवस्थेने मोडली होती आणि तिच्या जागी दुसरी सोय उभी केली नव्हती.

आणि एवढे करून मँचेस्टरला काय मिळाले? इथे इतिहासाने जरा गंमत केली आहे. अमेरिकेचे युद्ध संपताच मुक्त झालेले गुलाम आणि गरीब गोरे शेतकरी पुन्हा कापूस पिकवू लागले आणि लँकेशायर पुन्हा अमेरिकेकडे वळले. वऱ्हाडच्या शेतकऱ्यानेही हिशेब केला. लांब धाग्याचा बन्नी जपून पिकवला तरी भाव फारसा वाढत नाही. आखूड धाग्याचा जरी एकरी जास्त येतो आणि त्यातून रुईही जास्त निघते. त्याने जरी पेरला. कमिशनरांनी समजावले, बियाणे वाटले, पण शेतकऱ्याने आपले गणित सोडले नाही. तो आखूड कापूस मँचेस्टरपेक्षा जर्मनी, इटली, ऑस्ट्रियाच्या गिरण्यांना, मुंबईच्या गिरण्यांना आणि १८९० नंतर जपानला जास्त गेला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने जपानच्या निप्पॉन युसेन काइशा कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली. वऱ्हाडच्या कापसापासून जपानी गिरण्या जे सूत काढत ते चीनमध्ये मुंबईच्या सुताशी भिडत असे.

टाटांनी ही गोष्ट आधीच ओळखली होती. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला दिल्ली दरबारात हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले गेले त्याच दिवशी, त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढायची, हा त्यांचा साधा तर्क. लँकेशायरला हे रुचण्यासारखे नव्हते. १८७९ मध्ये लॉर्ड लिटनने आपल्या कौन्सिलातला विरोध बाजूला सारून जाड्या विलायती कापडावरची जकात उठवली, १८८२ मध्ये ती पुरती गेली. सरकारच्या तिजोरीला पैशांची निकड पडली तेव्हा जकात पुन्हा लावली, पण १८९६ मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आणि हिंदी गिरण्यांच्या कापडावरही तेवढेच उत्पादन शुल्क बसवले, म्हणजे कोणाला झुकते माप नको. हे शुल्क १९२५ पर्यंत टिकले. मँचेस्टरने वऱ्हाडचा कापूस पुरेसा नेला नाही. पण त्या कापसातून इथे उद्योग उभा राहताना मात्र पाय ओढला.

वऱ्हाडचा राजकीय शेवटही असाच वहीतला झाला. दुष्काळाचे ओझे डोक्यावर असताना, १९०२ मध्ये, लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये देऊन. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले. सालारजंगने ज्यासाठी हयात घालवली तो प्रश्न एका भाडेपट्ट्याने मिटला. यानंतर दहा-बारा वर्षांत यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अरुंद रुळांची रेल्वे कापसासाठी आली. लोक तिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणू लागले. मँचेस्टरमध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते आणि स्वातंत्र्यानंतरही तो मार्ग ब्रिटिश कंपनीच्या मालकीचा राहून भारतीय रेल्वे त्याचे पैसे भरत राहिली. सत्ता जाते, करार राहतात.

आजच्या विदर्भातल्या शेतकऱ्याच्या दुःखाचा सगळा दोष १८५३ च्या तहावर टाकणे खोटे ठरेल. मधल्या काळात सिंचनाची उपेक्षा, कापूस एकाधिकार खरेदीचे चढउतार, बियाण्यांचे बदल, सरकारांचे निर्णय अशी पुष्कळ पाने उलटली आहेत. पण एक गोष्ट त्या काळात ठरली आणि पुढे बदलली नाही: कोरडवाहू जमीन, एकच नगदी पीक आणि त्या पिकाचा भाव दूर कुठेतरी ठरणारा. पूर्वी तो लिव्हरपूलला ठरे, नंतर न्यूयॉर्कला.

या साऱ्याचे कारण शोधत मागे गेलो की जॉन ब्राइटच्या समितीपाशी येऊन थांबतो. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणे घातक आहे, हे मँचेस्टरला १८४८ मध्येच पक्के कळले होते. त्या धोक्यातून सुटण्यासाठी त्याने पार्लमेंट, रेल्वे, कायदा, तारायंत्र आणि व्हाइसरॉय कामाला लावले. उपाय असा निघाला, की वऱ्हाडच्या शेतकऱ्याने एकाच पिकावर आणि दूरच्या बाजारावर अवलंबून राहावे. जो धोका गिरणीवाल्याला परवडत नव्हता तो त्याने शेतकऱ्याच्या वहीवर मांडला, आणि गिरणीवाल्याजवळ होती तशी पार्लमेंट त्या शेतकऱ्याजवळ नव्हती.